शपथेचं पान

होले सरांशी भांडायचं तर सवड काढून जावं लागे. तुम्ही तावातावानं काही बोललात की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "म्हणजे तुमचं म्हणनं असं की..." मग तुमचंच म्हणणं, तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत, तुम्हालाच परत सांगत. तुम्ही मान डोलावल्याशिवाय स्वतःचं मत उघड करत नसत. तोवर तुमचा राग ओसरलेला असे, किंवा घंटा झालेली असे. एका मीटिंगमध्ये प्राचार्य वैतागून म्हणाले, "होले, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की विरोधात?" सर शांतपणे म्हणाले, "विरोधातच हाय सर. पन आधी तुमची बाजू नीट समजू द्या." त्या दिवशी मीटिंग सव्वादोन तास चालली आणि माझी परतीची गाडी चुकली.

माझं घर अकोल्याला आणि नोकरी अमरावतीला. नोकरी म्हणायचं आपलं. तासिका तत्त्वावरची मराठीची बाई मी. पहाटे उठून डबा करायचा, पॅसेंजरनं बडनेरा गाठायचं, तिथून ऑटोत कोंबून घेऊन कॉलेज. अकरा वर्षं हेच केलं. शिकवलं थोडं, फायली जास्त लावल्या. कुठली ना कुठली समिती दर वर्षी येणारच असे, आणि तिच्यासाठी आम्ही न झालेल्या कार्यक्रमांचे फोटो शोधत बसत असू. या सगळ्या कंटाळ्यात स्टाफरूमच्या खिडकीजवळच्या टेबलावर एक माणूस रोज अर्धा तास एकच काम करताना दिसे. समोर एक जुनं इंग्रजी पुस्तक, शेजारी फुटाण्यांचा डबा, आणि हाताखाली पाठकोरे कागद. सर कोरा कागद कधी वापरत नसत. जुन्या नोटिसा, रद्द झालेली वेळापत्रकं, समितीचे मसुदे, सगळ्यांच्या पाठीवर त्यांचं बारीक अक्षर.

ते राज्यशास्त्र शिकवत. आणि तीसेक वर्षांपासून एका इंग्रज तत्त्वज्ञाचं लिखाण मराठीत आणत होते. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस. राजानं प्रजेच्या श्रद्धेत हात घालू नये आणि राज्य हे लोकांच्या संमतीवर चालतं, एवढंच सांगण्यासाठी त्याला देश सोडून हॉलंडमध्ये लपून राहावं लागलं आणि लिहिलेलं निनावी छापावं लागलं. सर त्याचं नाव घेत नसत. "नाव सांगतलं की पोरं नाव पाठ करते अन् इचार सोडून देते," असं त्यांचं म्हणणं. ते त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणत. "म्हातारा काल अडून बसला होता, आज चालून राह्यला." मी नवी होते तेव्हा पहिला महिनाभर मला वाटत होतं की सरांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत. मी एकदा विचारलंसुद्धा, तब्येत कशी आहे म्हणून. सर म्हणाले, "मरून लई वर्षं झाले, पन बोलनं बंद नाही."

सरांचं घराणं भातकुलीकडचं, फुलं पिकवणारं. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. त्या बाजूला खारपाण पट्टा. विहीर खणावी तर खारं पाणी लागतं, पिकाला घातलं तर जमीन पांढरी पडते. पण होल्यांच्या भावकीत नाल्याकाठी एक गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिच्यावर पाच घरं तगून होती. कोणी कोणत्या दिवशी किती वेळ पाणी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या. सर वर्गात सरकार शिकवायचे ते या विहिरीवरून. "पाळी पाहनारा मानूस पानी वाटते. म्हणून पानी त्याचं होते का? पाचही घरांनी त्याच्यावर इस्वास ठेवला, म्हणून तो वाटते. उद्या त्यानं आपल्याच वावरात पाट फोडला तं?" मागून एखादा पोरगा म्हणे, "हाणू त्याले." सर म्हणत, "म्हातारा बी तेच म्हणते, पन थोडं सभ्य भाषेत."

वर्गात सातआठ पोरं असत, तीही हजेरीपुरती. सर फळ्याकडे उभे न राहता शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि पोरांना वळून बसावं लागे. एकदा मी बाजूच्या वर्गात पेपर तपासत होते, तेव्हा ऐकलेलं आठवतं. त्यांनी एका पोराला उभं केलं आणि म्हणाले, "वर तो फॅन फिरून राह्यला ना? तो बंद हाय असं मान. नाही मानलं तं नापास करीन." पोरगा लगेच म्हणाला, "मानलं सर." "खरंच मानलं?" "हो सर, बंद हाय." "मंग तुह्ये केस काहून उडून राह्यले?" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "पाह्यलं? धमकी देऊन मी तुह्याकडून म्हणवून घेऊ शकतो. मानवून नाही घेऊ शकत. जे माह्या हातातच नाही त्याच्यासाठी सोटा घेऊन फिरू तं माह्यासारखा मूर्ख मीच." इतक्या वर्षांत मी त्या कॉलेजात ऐकलेला तो सगळ्यात चांगला तास, आणि तो माझ्या विषयाचा नव्हता.

या माणसाला कोणी नास्तिक समजू नये. कपाळावर अष्टगंधाचा टिळा, गुरुवारी उपास, सकाळी देवळात गेल्याशिवाय चहा नाही. कॉलेजात गणपती बसे तेव्हा आरतीला सगळ्यात आधी सर, आणि आवाजही त्यांचाच मोठा. मग एका वर्षी प्राचार्यांना हुक्की आली. आरतीला स्टाफची गर्दी दिसावी म्हणून त्यांनी मंडपाच्या दाराशी हजेरीपट ठेवला. आमच्यातल्या दोघातिघांचा देव वेगळा, एकदोघांचा कोणताच नाही. पण सगळ्यांनी खाली मान घालून सह्या केल्या. मीही केली. सही न करणारा एकच माणूस निघाला, आणि तो आरती म्हणणाराच. सर म्हणाले, "मी देवासाठी आलो. सही केली तं तुमच्यासाठी आलो असं होईन."

त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. सरांनी ती दोनदा वाचली, घडी उलगडून उलटी केली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय." म्हाताऱ्याच्या लिखाणातलं सगळ्यात सुंदर पान, जिथे तो म्हणतो की कोणाच्या आत्म्याची काळजी दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही, ते त्या नोटिशीच्या पाठीवर लिहिलेलं आहे. ते पान आज माझ्याकडे आहे.

ती सगळी फाइलच माझ्याकडे आहे. ती कशी आली ते सांगायचं तर नानांकडे यावं लागतं.

नाना म्हणजे सरांचा धाकटा भाऊ. नाव नारायण, आणि देव मानत नाही. सर नोकरीला लागले तेव्हाच त्यांनी शेतातला हिस्सा नानांना सोडून दिला होता. नानांनी आयुष्यभर फुलं पिकवली, देवांसाठी हार ओवले, पण देवळात पाऊल टाकलं नाही. हे मी त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "ताई, भांडन नाही माह्यं देवासंगं. वळखच नाही." सरांनी लिहिलेलं प्रत्येक पान पहिल्यांदा नानांना वाचून दाखवायचं, ही जुनी रीत. नाना सातवी शिकलेले. नानांना कळलं नाही ते वाक्य सर खोडत. "त्याले न समजलेलं वाक्य म्हातारा बोललाच नसन," असं म्हणत. दर रविवारी अमरावतीहून भातकुली, बांधावर बसून वाचन. वर्षानुवर्षं.

आणि मग ते बंद पडलं. का पडलं ते मला आधी सरांकडून एका वाक्यात कळलं आणि पुढे नानांकडून पूर्ण. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत. साती आसरा, पाण्याच्या देवता. दर वर्षी दिवाळी झाली की पाच घरांतले पाच कर्ते पुरुष तिथे जमतात, आसरांवर हात ठेवतात आणि म्हणतात, "माह्या पाळीबाहेर पानी घेनार नाही." हात ठेवला की वर्षाची पाळी पक्की. सरांच्या घरातून वडील हात ठेवत. ते गेले आणि त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा नानांची वेळ आली. चौघांनी हात ठेवले. नाना उभेच राहिले.

"माह्या पाळीबाहेर एक थेंब घेनार नाही," ते म्हणाले. "सांगून राह्यलो ना मी. त्या दगडायले मधात कायले घेता?"

चुलतभाऊ भगवान म्हणाला, "शपथ नाही तं पाळी नाही. ज्याले कोनाचं भेवच नाही त्याच्या शब्दाचा काय भरवसा?"

सर तिथे होते. भावकीत थोरले आणि शिकलेले म्हणून निकाल त्यांच्यावर सोपवला गेला. सरांनी आपल्या सवयीप्रमाणे आधी भगवानचं म्हणणं भगवानला सांगितलं, त्यानं मान डोलावली. मग नानांचं म्हणणं नानांना सांगितलं, नानांनीही मान डोलावली. आणि मग सर म्हणाले, "नाना, ठेव हात. म्हणून टाक. मनात काय हाय ते कोन पाहून राह्यलं?"

नाना म्हणाले, "दादा, तू म्हणतं हे?"

"नियम सगळ्यायले एक असते, नाना. शपथ नाही तं पाळी नाही."

नाना बांधावरून उतरून घरी गेले. त्या वर्षी त्यांच्या वावरात पाणी गेलं नाही. शेवंती कळीवर होती, ती उभ्या उभ्या वाळली. पुढच्या वर्षी त्यांनी जमीन भगवानलाच बटईनं दिली आणि अकोल्याला येऊन बाजारात फुलांचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, वर ताडपत्री, आणि दुसऱ्यांच्या वावरातली फुलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं गावात लोक सरांना तोंडावर म्हणाले. सर तेव्हा त्यांना म्हणाले म्हणे, "तुमचं म्हणनं मले समजलं." यावेळी पुढे काही बोलले नाहीत.

मला सरांचा राग आला होता. अजूनही त्या एका दिवसाचा येतो. फॅनवाला तास घेणारा माणूस स्वतःच्या भावाला 'म्हणून टाक' कसा म्हणू शकतो? पण अकरा वर्षं कॉलेजात राहून मला एवढं कळलं आहे की चार नातेवाईक समोर उभे असले की पुस्तकातलं कुणालाच आठवत नाही. मी तरी कुठे सही न करता राहिले?

मी अकोल्याहून येते हे कळल्यावर सरांनी एक दिवस चारपाच पानं माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, तुमच्या मराठीच्या नजरेनं एकदा पाहून घ्या," म्हणाले. मग फुटाणे पुढे केले. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "अन् जमलं तं जाता जाता नानाले वाचून दाखवा. त्याले समजते का तेवढं सांगा."

"फोटो काढून पाठवा ना सर मोबाइलवर," मी म्हणाले. मला स्टेशनवरून बाजारात वाट वाकडी करायची नव्हती. घरी कणीक मळायची असे.

"मोबाइलवर मानूस बोटानं वर ढकलते. अन् तो माहा फोन उचलत नाही."

अशी मी टपालवाली झाले. तीन वर्षं. आठवड्यातून एकदा गाडीतून उतरून बाजारात जायचं, नानांच्या पाटाशेजारी उपड्या टोपलीवर बसायचं आणि वाचायचं. नानांचे हात दोऱ्यावर चालत राहत. गिऱ्हाईक आलं की मी थांबायची. पहिल्यांदा पानं नेली तेव्हा नाना म्हणाले, "त्यानं पाठवले?" मी हो म्हणाले. त्यांनी एक हार पुरा केला, गाठ मारली आणि म्हणाले, "वाचा."

भाऊ भावाशी बोलत नव्हता, पण नाना म्हाताऱ्याशी बोलायला तयार होते. त्यांच्या शंका मी पानाच्या कडेला लिहून आणत असे. 'दंडाधिकारी' शब्द आला तेव्हा नाना म्हणाले, "हा कोन? तहसीलदार का?" सरांनी तो शब्द सगळ्या पानांतून खोडून 'कारभारी' केला. धर्मसंघाची म्हाताऱ्याची व्याख्या सरांनी अर्ध्या पानात दिली होती. नानांनी ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे भजनी मंडळ. मन लागलं तं बसा, नाही लागलं तं उठून घरी जा. त्याच्यासाठी एवढं काहून लिहून राह्यला?" सरांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. त्यांनी अर्धं पान छाटून दोन ओळी केल्या. मग विचारलं, "तब्येत बरी हाय ना त्याची? खोकला?" मी म्हणाले, "तुम्हीच जाऊन पाहा की." सरांनी चष्मा लावला आणि म्हाताऱ्यात डोकं घातलं.

एकेचाळिसाव्या पानानंतर त्यांनी मला त्रेचाळिसावं दिलं. माझ्या लक्षात आलं नाही. नानांच्या आलं.

"बेचाळीस कुठं हाय?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "ते अजून जमलं नाही." पुढच्या आठवड्यात नानांनी पुन्हा विचारलं, सर पुन्हा तेच म्हणाले. मला संशय आला. एक दिवस खडू घ्यायला त्यांचा ड्रॉवर उघडला तर सगळ्यात खाली ते पान होतं. एकही खाडाखोड नाही, सरांचं सगळ्यात स्वच्छ अक्षर. मी तिथेच उभी राहून वाचलं.

त्या पानात म्हातारा म्हणतो की सगळ्यांना आपापल्या श्रद्धेनं जगू द्यावं; पण देवच न मानणाऱ्यांना ही मोकळीक देता येत नाही. वचन, करार, शपथ यांवर माणसांचा समाज उभा आहे, आणि ज्याला देवाचं भय नाही त्याला यातलं काहीच बांधून ठेवू शकत नाही.

विहिरीवर भगवान बोलला तेच. साडेतीनशे वर्षांपूर्वी, चांगल्या भाषेत.

मी सरांशी भांडले. म्हणाले, "इथे म्हाताऱ्याचं चुकलं. सरळ चुकलं. हे पान गाळून टाका आणि मोकळे व्हा."

"म्हणजे तुमचं म्हणनं असं की, आपल्याले न पटलेलं त्यानं लिहिलंच नाही असं दाखवावं."

मी मान डोलावली नाही.

सर म्हणाले, "गाळू नाही शकत मॅडम. त्याचं हाय ते. अन् पाठवू बी नाही शकत. त्या दिवशी विहिरीवर मी हेच पान वाचल्यासारखा वागलो. आता हे नानाले कोन्या तोंडानं वाचून दाखवू? तो म्हणन, म्हाताऱ्याच्या आडून पुन्हा मलेच मारून राह्यला." त्यांचा आवाज इतका दमलेला मी कधी ऐकला नव्हता. स्टाफरूममध्ये कोणीतरी समितीची फाइल शोधत होतं. मी खडू घेऊन तासाला गेले.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या सहिष्णुतेचं कौतुक केलं आणि त्यांना गणपतीची मूर्ती दिली. सरांनी ती मनापासून कपाळाला लावली. त्यानंतर वर्षभरात त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. पत्नी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. जिना चढवत नाही म्हणून वरच्या खोलीतली पुस्तकं त्यांनी वरच सोडली आणि खाली एका खाटेवर राहू लागले. नवा अभ्यासक्रम आला, त्यात म्हाताऱ्याच्या वाट्याला अर्धा तास उरला. एका प्रकाशकानं फाइल पाहून विचारलं, याचं गाइड होईल का. सरांनी यातलं काहीच मनाला लावून घेतलं नाही. मनाला लागलेली गोष्ट एकच होती.

एका शनिवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी नानाच्या दुकानापाशी येता का? मी येऊन राह्यलो. एकट्याले भेव वाटते."

मी गेले तेव्हा दहा वाजले असतील. सर एसटीनं आले होते. ऑटोतून उतरून दोनदा थांबत ते पाटापर्यंत पोचले. नानांनी वर पाहिलं, उपडी टोपली पुढे सरकवली. सर बसले. मी मागे उभी राहिले. श्वास जागेवर यायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी पिशवीतून तो कागद काढला.

"बेचाळीस," ते म्हणाले.

"वाच," नाना म्हणाले.

सरांनी वाचलं. एकही शब्द मऊ केला नाही, एकही गिळला नाही. बाजूला कोणी झेंडूचा भाव करत होतं. नानांचे हात पहिल्यांदाच थांबलेले मी पाहिले.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे तुह्या म्हाताऱ्याचं म्हणनं असं की, माह्या शब्दाले वजन नाही."

सरांनी मान डोलावली.

"अन् तुह्यं?"

सर म्हणाले, "विहिरीवर मी बी तेच केलं. जन्मभर उलटं शिकवून. चार लोकायसमोर मले तू अवघड झाला, नाना, म्हणून तुले खोटं बोलाले सांगतलं. अन् तू खोटं बोलला नाही म्हणून तुह्यं पानी तोडलं. माह्यं चुकलं."

नाना म्हणाले, "फुलं तं गेले, दादा."

"गेले."

"इतके वर्सं लागले तुले एक कागद आनाले."

"लागले."

मला वाटलं आता संपलं, आता चहा सांगावा. पण सर टोपलीवरून उठले नाहीत. ते म्हणाले, "अजून एक काम हाय. मी काही लई दिवसांचा नाही. माह्यं दहावं-तेरावं रीतीनं व्हावं, हे मले पाह्यजे. मी मानतो. भगवान करीन, त्याले सांगाची बी गरज नाही. पन मले तुह्या हातून पाह्यजे."

नाना म्हणाले, "मी मानत नाही, दादा. तुले माहीत हाय."

"मानू नको. तुले म्हणवत नसन तं नाही म्हण, माहा राग नाही. करत असशीन तं शब्द दे."

"शपथ?"

"शपथ नको. नुसता शब्द."

मला तिथे उभं राहवेना. तीस वर्षं ज्याच्या ओळी सरांनी अक्षर न चुकवता उतरवल्या, त्या माणसानं जो शब्द कवडीमोलाचा ठरवला होता, त्याच शब्दावर सर आपलं मरण ठेवत होते. आणि हे धाडस नव्हतं. त्यांना खरंच ते हवं होतं. त्यांच्या लेखी परलोक खरा होता आणि त्याची वाट नानांच्या हातून जात होती. नानांनी सुई उचलली. दोन फुलं ओवली. तिसरं हातात धरून म्हणाले, "करीन."

सर म्हणाले, "बरं."

मग चहा आला. दोघं भाऊ खोकल्याबद्दल बोलले, भगवाननं बांध कोरल्याबद्दल बोलले. निघताना सरांनी फाइल माझ्या हातात दिली, बेचाळिसावं पान जागेवर लावून. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर यायच्या आधीच त्यांचा डोळा लागला होता, मान काचेला टेकलेली, चष्मा मांडीवर. मी हाक मारली नाही. सरांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

दोन महिन्यांनी ते गेले. दहाव्याला मी भातकुलीला गेले. पेढी नदीच्या काठी भावकी जमली होती. नानांनी डोकं-मिशा उतरवल्या होत्या. नेसणं सैल होत होतं आणि दर्भाची अंगठी बोटातून निसटत होती, ती ते पुन्हापुन्हा नीट करत होते. गुरुजी सांगतील ते ओल्या अंगानं करत होते, सांगतील ते शब्द अडखळत म्हणत होते. दहाही दिवस त्यांनी एक गोष्ट चुकवली नव्हती, जमिनीवर झोपले होते, दुकान बंद होतं. भगवान माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याला राहवलं नाही. मधल्या वेळात तो हळूच म्हणाला, "नाना, तू तं मानत नाही. मंग एवढं काहून करून राह्यला?"

"शब्द देल्ला व्हता," नाना म्हणाले.

भगवान खाली वाळूकडे पाहत राहिला.

विधी संपला. गुरुजींनी पळी-पंचपात्र आवरायला घेतलं आणि म्हणाले, "झालं, उठा आता." लोक धोतरं झटकत उठले, कोणी चपला शोधू लागलं. नाना उठले नाहीत. मांडी घातलेली तशीच, हात गुडघ्यांवर.

"महाराज," ते म्हणाले, "एक डाव नीट पाहून घ्या. मले यातलं काही समजत नाही. त्याचं काही राह्यलं तं नाही ना?"